वाहवा करणारं गिऱ्हाईक

चाळीस पितळी कुलपं आणि ऐंशी किल्ल्या पेटीत भरून थोरले आयुष्यात पहिल्यांदा परदेशी उतरले, तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. एका माणसाला एवढी कुलपं लागतात कशाला? सोबत आलेल्या पुतणीनं त्याच्या भाषेत समजावलं, की आमचा कुलपांचा कारखाना आहे आणि तुमच्या इथल्या व्यापारी प्रदर्शनात आम्ही गाळा घेतलाय. अधिकाऱ्यानं एक कुलूप उचललं, उलटंसुलटं केलं आणि हसून काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" थोरल्यांनी विचारलं.

"सुंदर आहे म्हणतो, काका."

"म्हणजे याला काही घ्यायचं नाही. चल."

यात गंमत नव्हती. थोरल्यांच्या घरातला तो धंद्याचा पहिला धडा होता. वडील गल्ल्यावर बसून सांगायचे, नावं ठेवील तो नेईल, वाहवा करील तो जाईल. आणि ते खोटंही नव्हतं. घाऊक घेणारा व्यापारी दुकानात शिरला की आधी कुलूप कानाशी नेऊन हलवणार, मग कडी ओढणार, मग तोंड वाकडं करून म्हणणार, काय हो, कडी खेळतेय, किल्ली अडतेय, पितळ हलकं लागतंय. अर्धा तास नावं ठेवणार आणि जाताना दहा डझन उचलणार. ज्याला घ्यायचंच नाही त्याचं काय जातं? तो म्हणतो, वा, छान, आणि पायरी उतरतो. वाहवा फुकट असते, त्यामुळे ती कुणालाही परवडते.

हा नियम दुकानातून घरात कधी शिरला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे गल्ल्यावर थोरले आणि मागे भट्टी, लेथ आणि कानशी घेऊन त्यांचा धाकटा भाऊ, अशी सव्वीस वर्षं गेली. संध्याकाळी धाकटा दिवसभराचं काम फळीवर आणून मांडी. थोरले एकेक कुलूप उचलून दोष काढीत. आतलं पातं घासतंय. किल्लीचा दात जाड राहिला. धाकटा "बरं दादा" म्हणून परत आत जाई. वडिलांच्या वेळी किल्ल्या घासणारे एक म्हातारे होते. त्यांची नजर गेली तेव्हा वडिलांनी त्यांना समोर बसवलं, चहा पाजला आणि त्यांच्या हाताचं तोंडभरून कौतुक केलं. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, कानस पुसून जागेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. जा म्हणून कुणीही म्हटलं नव्हतं. पुढे थोरल्यांनीही एका कामगाराला याच रीतीनं मोकळं केलं. थोडक्यात काय, त्या घरात नावं ठेवली म्हणजे तुम्ही हवे आहात, आणि कौतुक झालं म्हणजे चपला घालायच्या.

दोन महिन्यांपूर्वी धाकट्याला एका मोठ्या शटरच्या कंपनीतून बोलावणं आलं. फोरमनची जागा होती. जायचं तर येत्या एक तारखेपासून रुजू व्हायचं होतं. धाकट्यानं ती गोष्ट लपवली नाही. फळीवर कुलपं मांडता मांडता म्हणाला, "दादा, बाजारात सगळी यंत्राची कुलपं आलीत. आपली आता कोण घेतं? पोरगी म्हणतेय त्या प्रदर्शनाला एकदा जाऊन या. तिकडे कुणाला हवी असली तर मी आहे. नाहीतर मी जातो." स्वतः थोरल्यांना एक किल्ली धड घासता येत नव्हती. धाकटा गेला तर कारखाना गेला, ते एक होतंच. पण त्याहून, मागचं दार उघडावं आणि आत तो नसावा, ही कल्पनाच त्यांना सोसेना. तोंडानं मात्र ते एवढंच म्हणाले, "या तिसऱ्या कुलपाची कडी बघ जरा."

प्रदर्शनाचं दालन एवढं मोठं होतं, की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस पोराएवढा दिसावा. त्यात यांचा गाळा तीन पावलं लांब, तीन पावलं रुंद. खाली करडा गालिचा, मागे पांढरी पाटी, पुढे एक टेबल. भरवणाऱ्यांनी सूचनांचा कागद दिला होता: उभे राहा, हसतमुख राहा, टेबलाच्या पुढे या. थोरल्यांनी खुर्ची टेबलामागे ओढली, मांडी घालता येईना म्हणून एकच पाय वर घेतला आणि गल्ल्यावर बसतात तसे बसले. गळ्यातली नावाची चिठ्ठी त्यांनी आधीच खिशात घातली होती. आपलं नाव आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या दिवशी माणसांची रीघ लागली. पुतणी हरखून गेली. जो येई तो कुलूप हातात घेई, किल्ली फिरवी, आतली पाती एकामागून एक सरकल्याचा आवाज ऐके आणि चेहरा फुलवून काहीतरी बोले. पुतणी भराभर मराठीत सांगे: अप्रतिम म्हणतात. असं काम आता दिसत नाही म्हणतात. हातात घेतल्यावर सोडवत नाही म्हणतात.

थोरल्यांचा चेहरा मात्र दुपारपर्यंत पार उतरला. एकही माणूस नाव ठेवीना. कडी ओढून बघावी, कानाशी हलवावी, निदान वजनाची तरी कुरकुर करावी, तर ते नाही. आलं की वाहवा, आलं की वाहवा. घरी असा एक दिवस गेला असता तर वडिलांनी दुकानाची दृष्ट काढली असती. थोरल्यांनी आपल्या परीनं उपाय केला. कुणी कौतुक सुरू केलं, की ते उठत, हात जोडत आणि मान लववून तसेच उभे राहत. यापुढे काय करायचं ते त्या माणसाला उमगत नसे. तोही मान लववी आणि पुढच्या गाळ्याकडे जाई.

"काका, तुम्ही लोकांना निरोप का देताय?"

"ते जाणारेच होते. आपण वेळ वाचवला."

त्या जाणाऱ्यांत हिरव्या कोटातल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हातात जाडजूड वही. त्यांनी एकामागून एक नऊ कुलपं उघडून लावली आणि प्रत्येकाला काहीतरी गोड बोलल्या. पुतणी सांगू लागली तेव्हा थोरल्यांनी तिला मध्येच थांबवलं. नऊ कुलपांची वाहवा म्हणजे हे गिऱ्हाईक नवांदा जाणारं. त्यांनी खोल नमस्कार केला. बाईंनी जरा बावरून आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. थोरल्यांनी ते कार्ड डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी देव पावला. सकाळीच एक उंच, वाळका, जाड चष्म्याचा म्हातारा आला. त्यानं ना हसून बघितलं, ना मान डोलावली. पहिलं कुलूप उचलून कानाशी नेऊन हलवलं. थोरले खुर्चीत सरळ झाले. म्हाताऱ्यानं कडी ओढली, नखानं सांध्यावरून रेघ काढली आणि नाक मुरडलं.

"काय म्हणतो?"

"कडीचं भोक अर्ध्या केसानं मोठं आहे म्हणतो," पुतणी नाराजीनं म्हणाली.

थोरल्यांचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले. "याला खुर्ची दे. थर्मासमधला चहा ओत."

मग दोघांची बैठक जमली. म्हातारा नावं ठेवी, पुतणी सांगे, थोरले खुशीत मान हलवत. आतली स्प्रिंगची कमान ताठ आहे. किल्लीची मूठ बोटाला टोचते. पितळ ओतताना घाई झालीय. थोरल्यांनी एक कुलूप स्वतः स्क्रू काढून उघडलं आणि सातही पाती टेबलावर क्रमानं मांडून दिली. म्हाताऱ्यानं एकेक उजेडाकडे धरून पाहिलं आणि दोन पात्यांना पुन्हा नावं ठेवली. जेवून परत आला आणि आणखी तास बसला. मधे हिरव्या कोटातल्या बाई पुन्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, पण बसायला खुर्ची नव्हती. थोरल्यांनी बसल्या बसल्याच त्यांना हात जोडले.

"काका, त्यानं भाव विचारला नाही अजून," पुतणी संध्याकाळी म्हणाली. "किती नग लागतील तेही बोलला नाही."

"बोलेल. मुरलेला आहे. असला माणूस शेवटी एकदम बोलतो." थोरल्यांना कित्येक दिवसांनी बरं वाटत होतं. धाकट्याला फोनवर काय सांगायचं, तेही त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं. अरे, असा खडूस माणूस भेटलाय, की तुला पुढची पाच वर्षं मान वर करता येणार नाही.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी म्हातारा आला तो टोपी हातात घेऊन. बसला नाही. थोरल्यांचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ बोलला. पुतणीचा चेहरा बोलणं ऐकता ऐकता बदलत गेला.

"काका, हे स्वतः कुलपं करायचे. चाळीस वर्षं केली. आठ वर्षांपूर्वी त्यांचं दुकान बंद झालं. आता दर वर्षी नुसतं तिकीट काढून इथे येतात, पण त्यांना कुणी कुलूप उघडू देत नाही. तुम्ही सगळं उघडून दिलंत, चहा दिलात. त्यांना घ्यायचं काहीच नाही. ते म्हणतात, हे ज्यानं केलं त्याच्याइतका चांगला हात त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही."

म्हातारा गेला. थोरले खाली बसले. आता यातून काय समजायचं? दोन दिवस नावं ठेवली तेव्हा हा घेणारा होता. शेवटी वाहवा केली आणि गेला, म्हणजे वडिलांचं म्हणणं खरंच ठरलं. पण मग आधीची नावं कसली होती? नियम खरा ठरला आणि खोटाही ठरला, आणि दालनातले लोक दुपारी तीनपासून आपापले गाळे आवरायला लागले होते. पलीकडच्या बिजागऱ्यावाल्यानं पाटीसुद्धा उतरवली. थोरल्यांना वाटलं, आपण हात हलवत परत जाणार, आणि एक तारखेला धाकटा डबा घेऊन शटरच्या कंपनीत जाणार. आपण त्याला सांगणार तरी काय? सगळे चांगलं म्हणाले, म्हणून तू जा?

अशा वेळी हिरव्या कोटातल्या बाई तिसऱ्यांदा आल्या. थोरले सवयीनं उठून हात जोडू लागले, तेवढ्यात बाई सरळ आत आल्या आणि म्हाताऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. वही उघडली. त्यात कागद होते.

"काका, आज नमस्कार करू नका," पुतणी दबक्या आवाजात म्हणाली. मग ती बाईंचं ऐकत आणि सांगत राहिली. बाई जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांना दारांचं सामान पुरवत. त्यांना ही कुलपं हवी होती. पहिल्या वर्षात पाचशे, थोडी थोडी करून. भाव त्यांनी कागदावर आधीच लिहून आणला होता, आणि तो घरच्या भावाच्या दुपटीहून वर होता. गेले दोन दिवस हे गृहस्थ आपल्याला पाहिलं की हात जोडतात, म्हणून त्या समजल्या होत्या, की माल आधीच दुसऱ्या कुणी बांधून घेतलाय.

थोरल्यांनी कागद पाहिला, बाईंना पाहिलं. "नाव काहीच ठेवत नाही?"

"नाही. सगळं फार आवडलंय म्हणतात."

"मग ही घेतेय कशी?"

"आवडलंय म्हणूनच, काका."

हे काही थोरल्यांच्या डोक्यात शिरेना. आवडलं तर माणूस भाव पाडायला निघेल, गप्प राहील, बोट ठेवायला खोट शोधील. आवडलं असं तोंडानं सांगून वर पैसेही देणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांनी एक कुलूप उचललं आणि पुतणीला म्हणाले, "तिला सांग, कडीचं भोक अर्ध्या केसानं मोठं आहे."

"मी नाही सांगणार."

"सांग म्हणतो ना. बघू काय म्हणते."

पुतणीनं कपाळाला हात लावून सांगितलं. बाईंनी कुलूप घेतलं, लावलं, कडी डावीउजवी ओढली आणि मान हलवली. नाही, कडी घट्ट आहे. थोरल्यांनी किल्लीची मूठ टोचते म्हणून सांगायला लावलं. बाईंनी मूठ चिमटीत धरली. नाही, टोचत नाही. पितळ ओतताना घाई झालीय. बाई म्हणाल्या, त्यांना तसं वाटत नाही. विकणारा नावं ठेवतोय आणि घेणारी ती पुसून काढतेय, असा तो उलटा बाजार बराच वेळ चालला. बिजागऱ्यावाला गाळा आवरायचा सोडून बघत राहिला. शेवटी बाईंनी पेन काढलं, पण सही करायच्या आधी काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, ही चाळीसही कुलपं एकाच माणसाच्या हातची आहेत." पुतणी म्हणाली. "पुढचीही त्याच माणसानं केली तरच त्यांना हवीत. दुसऱ्या कुणाची नकोत. तो माणूस करेल ना, विचारतात."

थोरल्यांनी फोनसाठी हात पुढे केला. पुतणीनं आपल्या बापाचा नंबर लावून दिला आणि बाईंना खुणेनं थांबायला सांगितलं. थोरले एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात तेच कुलूप घेऊन गाळ्याच्या कोपऱ्यात पाटीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडून आधी लेथची घरघर आली, मग धाकट्याचा आवाज.

"दादा? काय झालं?"

"ऑर्डर झाली. पाचशे नग. वर्षभरात."

"पाचशे?" घरघर चालूच होती. "काय काय नावं ठेवली?"

"काही नाही ठेवली. सगळं आवडलं म्हणाली." बाईंची अट सांगायची होती, पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी वर येत होतं. तीन दिवस परक्या माणसांनी जे ऐकवलं ते थोरल्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं, आणि ते दिवसागणिक खरं वाटू लागलं होतं. "आणि खरं आहे ते. कुलपं चांगली केलीस तू. फार चांगली केलीस. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा."

पलीकडे नुसतं लेथ फिरत राहिलं.

"कळलं, दादा," धाकटा शांतपणे म्हणाला.

"काय कळलं?"

"पाचशे म्हणजे तुम्हाला यंत्र घ्यावं लागेल, माणसं ठेवावी लागतील. बरोबर आहे. मी एक तारखेपासून तिकडे जातो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

थोरल्यांनी फोन कानाला घट्ट लावला. काय बोलून बसलो आपण. लगेच काहीतरी नाव ठेवलं पाहिजे, एखादी खोट काढून दिली पाहिजे, म्हणजे हा थांबेल, "बरं दादा" म्हणेल आणि आत जाईल. त्यांनी हातातलं कुलूप डोळ्यांसमोर धरलं. "कडी," ते म्हणाले, आणि कडी ओढली. कडी जागची हलली नाही. किल्ली फिरवली, सातही पाती न घासता सरकली. सांध्यावरून अंगठा फिरवला तर सांधा कुठे आहे तेच लागेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धाकट्याच्या कामात काढायला काही सापडलं नाही.

"कडीचं काय, दादा?"

"कडीचं काही नाही." थोरल्यांनी कुलूप छातीशी घट्ट धरलं. "जाऊ नकोस."

पलीकडे लेथ बंद झालं. ते थांबताना शेवटचे दोनचार वेढे घेतं, ते त्यांना एवढ्या लांबून ओळखू आले.

"काय म्हणालात?" धाकट्यानं विचारलं. "मशीन चालू होतं. ऐकू नाही आलं."

त्याला ऐकू आलं होतं. कडीचं ऐकू आलं होतं, तर हे येणार नाही होय? मागे खुर्चीवर बाई पेन हातात धरून बसल्या होत्या आणि पुतणी टेबलावरची कुलपं उगाचच सरळ करत होती. थोरल्यांनी डोळे पुसले आणि तेच पुन्हा, थोडं मोठ्यानं, म्हटलं.